बाथरूमच्या भिंतीची ओली बाजू

आमच्या घरात बाथरूम एक आणि माणसं चार. भिंत धरली तर पाच, आणि भिंत धरावीच लागायची, कारण सकाळी पहिला नंबर तिचा असायचा. खारू, म्हणजे माझी पुतणी, भिंग आणि टॉर्च घेऊन आत शिरायची आणि बाहेर आम्ही तिघं खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळत उभे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा बाप, दारावर टकटक करायचा. आतून आवाज यायचा, "बाबा, दार वाजवू नका हो. गोगलगाय दचकते."

तीन वर्षं हे चाललं होतं.

खारूचा विषय असा : एका जागेत दाटीवाटीने राहणारे जीव एकमेकांशी कसे वागतात, कोण कोणाला ढकलतं, कोण कोणाला सावली देतं, आणि दिवस वाईट आले की हे सगळं कसं बदलतं. यात तिला डॉक्टर व्हायचं होतं. मी तिला म्हटलं होतं, "अगं, एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला? आपल्या सोसायटीच्या मीटिंगला येऊन बस." ती म्हणाली, "काका, माणसं खोटं बोलतात. शेवाळ बोलतच नाही, त्यामुळे वेळ वाचतो."

सुरुवातीला ती लांबच्या खडकांवर जायची. मग प्रवासखर्च बंद झाला. तिच्या मार्गदर्शक बाई, ज्यांना ती मॅडम म्हणते आणि म्हणून आम्हीही म्हणतो, एकदा काहीतरी तोडगा काढायला घरी आल्या. हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर येईनात. वहिनीला वाटलं, चक्कर आली असणार. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या, केस विस्कटलेले, गुडघ्यांवर हिरवे डाग, आणि म्हणाल्या, "खडकांवर कशाला जातेस? हे सगळं तुझ्या घरात आहे."

पाहुण्यांनी येऊन आपल्या बाथरूमची घाण इतक्या आदराने पाहिल्याचा हा वहिनीचा पहिलाच प्रसंग. रडावं की चहा टाकावा हे तिला कळेना. तिने चहा टाकला.

ती भिंत म्हणजे तसं काही विशेष नाही. मागच्या पाइपातून पाणी झिरपतं, त्यामुळे डावी अर्धी भिंत कायम ओली. उजव्या अर्ध्या भिंतीवर खिडकीतून दिवसभर ऊन, त्यामुळे ती कोरडी ठणठणीत. गिलावा केव्हाच गळून पडलेला. खारूने सबंध भिंतीवर दोरे ताणून चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात कोणकोण राहतं ते ती मोजायची. तीन रहिवासी मुख्य. एक बुळबुळीत शेवाळ, ज्यावरून पाय घसरतो ते. दुसरं मऊ, उशीसारखं फुगलेलं शेवाळ, ज्याला आम्ही मखमल म्हणायला लागलो. तिसरं दगडफूल, राखाडी, रापलेलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिवाय बारीक किडे, आणि ती गोगलगाय.

ओल्या बाजूचा कारभार मला एका नजरेत कळला. तिथे सगळ्यांना सगळं मिळत होतं, म्हणून सगळे एकमेकांच्या उरावर बसले होते. बुळबुळीत मखमलीवर चढायचं, मखमल दगडफुलावर चढायची. गोगलगाय बुळबुळीत खाऊन टाकायची म्हणून दगडफुलाला थोडी हवा लागायची, एरवी त्याचं काही खरं नव्हतं. खारूने एका ओल्या चौकोनातली मखमल चिमट्याने उपटून काढली, तर आठवड्याभरात शेजारचे सगळे तरारले. जणू दुखणं गेलं.

कोरड्या बाजूला मात्र उलटं. तिथल्या एका चौकोनातली मखमल काढली, तर तिच्या आडोशाला राहणारे किडे गेले, दगडफूल कडेने चुरगळलं, सगळा चौकोन भकास झाला. मखमलीच्या उशीत रात्रीची ओल टिकते, त्या ओलीवर बाकीचे कसेबसे जगतात. "म्हणजे बघ काका," खारू म्हणाली, "सुखात हे एकमेकांना नकोसे असतात आणि हालात एकमेकांशिवाय मरतात. जीव तेच."

"मग घरातून कोणाला उपटून बघितलंस का?" मी विचारलं.

"तू मागे पंधरा दिवस मित्राकडे गेला होतास ना? सगळे तरारले होते."

खोटं कशाला बोलू, आमचं घर ओल्या बाजूचंच होतं. चोवीस तास पाणी, भरपूर पाणी, आणि त्या पाण्यावरून अखंड भांडणं. दादाला कढत पाण्याने आंघोळ लागते, तो वाफेत दिसेनासा होईपर्यंत बाहेर येत नाही. वहिनी दार बडवते. "अहो, उकडून घेताय का स्वतःला?" मग दादा आतून तिच्या माहेरावर घसरतो. मग मी मध्ये पडतो, कारण मध्ये पडलं की दोघंही माझ्यावर उलटतात आणि तेवढ्यात खारूला भिंतीकडे जाता येतं. मी हे प्रेमापोटी करत होतो असं नाही. पोरगी एकदा डॉक्टर झाली, नोकरीला लागली, की तिची खोली मला मिळणार होती. सध्या मी बैठकीच्या खोलीत झोपतो आणि दादाला पहाटे बातम्या ऐकायची खोड आहे.

भिंतीचा शेवटचा निकाल आता महिन्यावर आला होता. मॅडम स्वतः येऊन दोन्ही बाजू पाहणार, समाधान झालं तर खारूचं शेवटचं वर्ष मंजूर आणि त्यानंतर पदवी. नाही झालं तर विद्यावेतन बंद आणि तीन वर्षं पाण्यात. भिंतीला हात लावायचा नाही, फिनेल आणायचं नाही, साबणाचा फेस डावीकडे उडवायचा नाही, असे नियम आमच्या अंगवळणी पडले होते. वहिनी तर झोपेतसुद्धा डाव्या कुशीला वळायची थांबली होती.

आणि पाणी गेलं.

शहराला पाणी पुरवणारा मोठा पाइप कुठेतरी फुटला. आज येईल, उद्या येईल करता करता नळ नुसते सुस्कारे टाकायला लागले. सोसायटीत टँकर यायचा, घरटी मोजून बादल्या मिळायच्या. भिंतीमागचं झिरपणंही थांबलं.

मला वाटलं, आता घरात रक्तपात. इतक्या पाण्यात हे लोक एकमेकांचे गळे धरत होते, तर बादलीभर पाण्यात काय करतील! मी आपला कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो, मजा बघायला.

पहिल्या दिवशी सकाळी दादा भरलेल्या बादलीपाशी उभा राहिला, वहिनीकडे वळला आणि म्हणाला, "तू घे आधी."

वहिनीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मला म्हणताय?"

"हो, मग काय. तुला स्वयंपाक असतो, उकाड्यात उभी असतेस. मी ओल्या फडक्याने पुसून घेईन."

"अहो, नको, तुम्ही ऑफिसला जाता. चार माणसांत बसता."

"मला कोण हुंगतंय? घे तू."

असं बराच वेळ चाललं. शेवटी बादली तशीच राहिली आणि दोघंही पारोशी राहिली. मला अक्षरशः भीती वाटली. लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं अशी बोलायला लागली की डॉक्टरला बोलवावं.

पण ते थांबेना. रोज वाढत गेलं. वहिनी मला "भावजी, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायला लागली. या घरात मला काय वाटतं हा प्रश्न याआधी कुणी उच्चारला नव्हता, त्यामुळे माझ्याकडे उत्तरही नव्हतं. दादा पहाटेच्या बातम्या कानाला लावून ऐकायला लागला. समोरच्या बिऱ्हाडातली बाई, जिने पार्किंगवरून आमच्याशी बोलणं टाकलं होतं, ती तिची अर्धी कळशी घेऊन दारात आली. "तुमच्या मुलीच्या भिंतीसाठी," म्हणाली. तिचा नवरा तर खाली रांगेत आमचा नंबर धरून ठेवायचा. सोसायटीत एकानेही कुणाला 'अरे' म्हटल्याचं कानावर येईना. सगळे 'अहो'. कुत्र्यालासुद्धा.

भिंतीची ओली बाजू मात्र गळपटत चालली होती. बुळबुळीत वाळून पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. मखमल तपकिरी पडली. गोगलगाय गिझरच्या मागे जाऊन शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरून बसली. साऱ्या सोसायटीत कडी लावून आत बसलेली तेवढी एकच. खारू फवारणीची बाटली घेऊन चौकोना-चौकोनाला चमचा-चमचा पाणी घालायची आणि आम्ही सगळे आपापल्या वाट्यातलं पाणी तिला द्यायचो. दादाने तर दाढी करणं सोडलं. मी एक तांब्या दिला, पण तो दिल्याचं सगळ्यांना दिसेल अशा बेताने दिला.

"टिकेल का गं?" दादाने विचारलं.

"मॅडम येईपर्यंत टिकायला हवी बाबा. चार चौकोन जगले तरी पुरे."

अशात मामा आले.

मामा म्हणजे वहिनीचे मोठे भाऊ. आख्खं घर त्यांना मामाच म्हणतं, दादासुद्धा. त्यांच्या घराला रंग काढायचा होता म्हणून ते चार दिवसांसाठी आले, आणि येताना नेहमीप्रमाणे आपला ब्रश घेऊन आले. मामांना स्वच्छतेचं वेड आहे हे म्हणणं म्हणजे आगीला थोडी उष्णता असते म्हणण्यासारखं. ते दुसऱ्याच्या घरी गेले की आधी बूट पुसतात, मग ज्यावर बूट ठेवले ती फरशी, मग दाराची कडी, आणि मग विचारतात, "कसे आहात?" मागच्या तीन वर्षांत खारूच्या भिंतीपायी आम्ही त्यांना काही ना काही निमित्त काढून टाळलं होतं. यावेळी वहिनीला फोनवर नाही म्हणवेना. पाणी गेल्यापासून तिला कुणालाच नाही म्हणवत नव्हतं.

आल्या दिवशीच दुपारी खारू विद्यापीठात गेली होती. मामा बाथरूममध्ये गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा पांढराफटक. आम्ही तिघं बैठकीत बसलो होतो, एकमेकांना पंखा देत होतो. म्हणजे हातपंखा एकच, पण तू घे, तू घे चाललं होतं.

"ती भिंत," मामा म्हणाले. "म्हणजे, माझं काही म्हणणं नाही. तुमचं घर आहे. पण ती भिंत जरा घासू का? पाणी नको मला. कोरड्या ब्रशने करतो. तुमची हरकत नसेल तरच."

आता इथे नीट लक्ष द्या. या घरात हा प्रश्न एरवी विचारला गेला असता तर दादाने "खबरदार!" अशी गर्जना केली असती की खालच्या मजल्यावरची भांडी पडली असती. वहिनी ब्रश हिसकावून गॅलरीतून भिरकावून मोकळी झाली असती. मी काहीतरी कुजकं बोललो असतो. तिघांपैकी एकाने जरी नेहमीसारखं वागायचं ठरवलं असतं तरी भिंत वाचली असती.

दादाने वहिनीकडे पाहिलं. तिचा भाऊ, तिला वाईट वाटायला नको.

"घासा ना मामा," तो म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

वहिनीने दादाकडे पाहिलं. नवरा आपल्या भावाशी इतकं गोड कधी बोलला नव्हता, त्याला तोडायचं कसं? "हो, घासा की," ती म्हणाली. "तुम्हाला मेलं इथे येऊनही काम."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय वाटतं हा प्रश्न आता या घरात विचारला जात होता. आणि मला वाटत होतं, की ही दोघं हो म्हणताहेत तर यांनी आधी खारूशी काहीतरी बोलून ठेवलेलं असणार.

"सावकाश घासा," मी म्हणालो. "दमू नका."

मामांनी डावीकडून सुरुवात केली. खर्र, खर्र असा आवाज बैठकीपर्यंत येत होता. प्रत्येक आवाजासरशी दादा डोळे मिटायचा आणि वहिनी त्याला वारा घालायची. एकदा तो उठला, दारापर्यंत गेला. आतून मामा म्हणाले, "तुम्हाला जायचंय का? मी बाहेर येतो."

"नाही, नाही," दादा म्हणाला. "चालू द्या तुमचं. मी आपला विचारायला आलो, चहा घेणार का?"

अर्धी भिंत झाली तेव्हा मामांचा खांदा भरून आला म्हणून ते थांबले. उजवीकडची कोरडी बाजू शाबूत राहिली ती त्यांच्या खांद्याच्या कृपेने. डावी बाजू टक्क पांढरी. खारूचे दोरे मामांनी सोडवून, गुंडाळून, गाठ मारून ठेवले होते.

खारू संध्याकाळी आली. हात-पाय धुवायला म्हणून आत गेली. आम्ही चौघं बाहेर एका ओळीत उभे. मग ती दारात आली. हातात दोऱ्यांची गुंडाळी.

"मामा, हे तुम्ही केलंत?"

"आवडलं का?"

पोरीची तीन वर्षं! पण तीही याच घरातली, तिच्याही वाट्याला तेवढंच पाणी. "छान झालंय," ती म्हणाली. "खूपच स्वच्छ. तुमचा खांदा कसा आहे?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला, तो अगदी हळू, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये इतका.

तेव्हा कुठे मामांना सगळं सांगितलं गेलं. मामा खुर्चीवर बसले ते बसलेच. "अहो, मग एक शब्द बोलायचं होतं," ते म्हणाले. "एकच."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," दादा म्हणाला.

मॅडमना कळवावंच लागलं. त्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्या. आता तुम्हाला वाटेल, बाईंनी भिंत सोडली आणि आमचाच अभ्यास करायला घेतला. मलाही तसंच वाटलं होतं, मी शर्टही बदलला होता. पण बाईंना आमच्यात काडीचा रस नव्हता. आमच्यामधून वाट काढत त्या थेट आत गेल्या, खारू त्यांच्यामागे, आणि आम्ही दाराला कान लावून.

"हे कशाने घासलंय?" मॅडमचा आवाज.

"ब्रशने. कोरड्या. माझ्या मामांनी."

"सगळीकडे सारखा जोर दिसतोय. एकाच माणसाने?"

"हो."

"दोन्ही बाजूंना आता पाणी सारखंच, म्हणजे जवळजवळ नाहीच. एका बाजूचे जुने रहिवासी जागेवर, दुसरी बाजू रिकामी. या कोरड्यात रिकाम्या जागेवर आधी कोण येणार?"

खारूने नाक ओढलं. "दगडफूल नाही येणार, त्याला फार वर्षं लागतात. मखमल आली तर कडेने येईल, तिथे शेजाऱ्यांचा आडोसा आहे. मधल्या चौकोनांत कोणी येणार नाही. शेजार नसेल तर कोरड्यात जगता येत नाही."

"आणि रुजलेलं पुन्हा पुन्हा घासून काढलं तर?"

खारूचा आवाज बदलला. रडणं कुठल्या कुठे गेलं. "तर कळेल की आडोसा किती सोसतो."

"तुझी जुनी तीन वर्षं अर्धी उत्तरं आहेत. हे दुसरं अर्धं," मॅडम म्हणाल्या. "वर्ष मंजूर करते. पण अट आहे. दर महिन्याला घासायचं, तोच ब्रश, तोच हात, तोच जोर. माणूस बदलला की मला चालणार नाही. आहेत ना तुझे मामा इथे?"

दार उघडलं तेव्हा आम्ही चौघं आत पडलो. मॅडमनी मामांचा उजवा हात हातात घेतला, पालथा करून पाहिला, अंगठा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "उत्तम." मामांना आयुष्यात कुणी त्यांच्या घासण्याबद्दल उत्तम म्हटलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मुलांनी तर त्यांना रंगकामाच्या नावाखाली घराबाहेर काढलं होतं, हे मला आधीच कळलं होतं. मामांचे डोळे भरून आले. "वर्षभर राहतो," ते म्हणाले. "हवं तर दोन वर्षं."

"राहा ना," वहिनी म्हणाली.

"आमचं भाग्य," दादा म्हणाला.

मला मात्र माझी खोली दिसेनाशी झाली. आता बैठकीत मी आणि मामा.

मॅडम गेल्या. आणि तासाभरात, बाथरूमच्या नळाने आधी खोकल्यासारखं केलं, मग थुंकला, मग धो धो वाहायला लागला. सगळ्या सोसायटीत आरडाओरडा झाला. पाणी आलं!

दादा आत घुसला तो अर्धा तास बाहेर नाही. वाफेचे लोट दाराखालून येत होते. पहिली पंधरा मिनिटं वहिनी कौतुकाने ऐकत होती. मग तिने दार बडवलं. "अहो, बाकीची माणसं मेली का?"

"आता कुठे अंग ओलं झालंय! तुझ्या भावाने भिंत तासली ते चालतं, मी आंघोळ केलेली चालत नाही!"

"माझ्या भावाचं नाव घेऊ नका!"

"घेणार! तीन वर्षं पोरीची! कुठल्या शहाण्या माणसाला दुसऱ्याच्या घरात येऊन भिंत घासावीशी वाटते?"

"तुम्हीच म्हणालात ना घासा म्हणून!"

"तू गप्प राहिलीस म्हणून म्हणालो!"

समोरच्या बाईने दार उघडलं, आमची गाडी तिच्या जागेत आल्याचं ओरडून सांगितलं आणि कळशी परत मागितली. मी दादाला म्हणालो, जरा हळू. दादा डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला, "तू तर बोलूच नकोस. 'सावकाश घासा' म्हणणारा तूच!"

मामा उठले. त्यांनी ब्रश कागदात गुंडाळला, बॅगेत ठेवला, कपडे घड्या घालून त्यावर रचले. वहिनी त्यांना थांबवायला गेली ती दादाला काहीतरी ऐकवत ऐकवतच, त्यामुळे मामांना त्यातलं थांबवणं ऐकूच गेलं नाही. "येतो," ते म्हणाले आणि बूट पुसायला बसले.

मी खारूकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती. तो बॅगेतला ब्रश म्हणजे तिचं आख्खं वर्ष. "मामा, राहा ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी." मामांनी मान हलवली. "तुझ्यासाठी राहिलो असतो गं. पण आपण कुठे नको आहोत ते कळतं माणसाला."

खारूने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. चौकोनांकडे पाहायची तसं. मग ती चप्पल न घालता बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी मागोमाग गेलो. ती जिने चढून गच्चीवर पोचली होती. तिथे टाकीखाली प्रत्येक घराच्या पाइपाला वेगळा व्हॉल्व्ह आहे. तिने आमचा शोधला, दोन्ही हातांनी फिरवून घट्ट बंद केला, आणि त्याची मूठ काढून ओढणीत गुंडाळली.

वळली तर मी.

"काका."

"काय केलंस?"

"लाइनीत हवा धरलीय," ती शांतपणे म्हणाली. "बरेच दिवस पाणी गेलं की होतं असं. बाबांना सांग, प्लंबरला फोन केलाय."

"आणि प्लंबर?"

"उद्या येतो म्हणालाय."

प्लंबरचा 'उद्या' म्हणजे किती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात शास्त्राचं वर्ष सहज निघतं. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. एका बाजूला पारोसं अंग, शेजारून उसन्या बादल्या, मामांचं घोरणं. दुसऱ्या बाजूला शांत पहाट, 'भावजी, तुम्हाला काय वाटतं', आणि वर्षाअखेरीस एक खोली, दाराला कडी असलेली.

"रोज एक बादली," मी म्हणालो. "माझी वेगळी. कुणाला न सांगता."

"अर्धी."

"पाऊण. आणि कोमट."

ती माझ्याकडे भिंगाशिवाय, पण भिंगातून बघावं तसं बघत राहिली. "काका, तुझ्यासारख्या जिवांना आमच्यात एक नाव आहे."

"चांगलं आहे का?"

"अचूक आहे," ती म्हणाली. "चल. पाऊण."

आम्ही खाली आलो तेव्हा घरात आवाज नव्हता. बाथरूमच्या दारात दादा उभा, अर्ध्या डोक्याला साबण. नळातून शेवटचा थेंब पडला. तो थेंब त्याने पाहिला, मग वहिनीकडे पाहिलं, मग बूट घालून उठलेल्या मामांकडे. बादलीत तळाला थोडं पाणी होतं.



"मामा," तो म्हणाला, "प्रवासाला निघण्याआधी तुम्ही तोंड धुऊन घ्या. तुम्ही आधी."

"छे छे," मामा म्हणाले. "तुमच्या डोक्याला साबण आहे."

"साबणाचं काय, वाळून जाईल."

"डोळ्यांत जाईल हो. मी ओततो, तुम्ही वाका." मामांनी बॅग खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. वहिनीने ती बॅग उचलली आणि बैठकीच्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी नेऊन ठेवली.